श्यामच्या शेजारी कोण बसणार?

कुवेतला आपण सवयीनं 'सातासमुद्रापार' म्हणतो खरं, पण मधे एक अरबी समुद्र आणि एक आखात, एवढंच काय ते पाणी. मुंबईहून विमान चारेक तासांत इथे उतरतं. १९६१ मध्ये दिनार आला, तोवर इथल्या बाजारात रुपयाच चालत होता. त्यामुळे 'इथे मराठी पुस्तकं मिळत नाहीत हो' ही तक्रार मला नेहमी थोडी लंगडी वाटत आली आहे. पुस्तकं येतात. कुणाच्या आईच्या बॅगेतून येतात, वाढदिवसाला भेट म्हणून येतात. माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत 'श्यामची आई' आहेच. सालमियात असो, अब्बासियात असो की मंगाफला, काचेच्या कपाटात ती पाठ सरळ ठेवून उभी असते. अडतं ते पुढे. कपाटापासून पोरांच्या हातापर्यंतचं अंतर चार तासांत कापलं जात नाही.

त्या अंतरावर एक पूल बांधता येतो का, आणि बांधला तर तो सचोटीचा असतो का, याबद्दल थोडं लिहायचं आहे. दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. पहिल्याचं उत्तर बरेच शिक्षक देतात, दुसरा मात्र फारसा कुणी विचारत नाही.

आधी पुलाबद्दल. अमेरिकेत मास्टर्स करत असताना मी काही महिने विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासावारी काम केलं. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, दुसरं काही नाही. त्यात शिक्षणशास्त्राच्या कपाटात १९९६ सालचं एक पुस्तक सारखं परत यायचं, 'फ्रॉम हिंटन टू हॅम्लेट'. नावाची गंमत वाटून चाळलं. एस. ई. हिंटन या मुलीनं शाळकरी वयात 'द आउटसायडर्स' ही कादंबरी लिहिली आणि १९६७ साली ती छापून आली. गरीब-श्रीमंत पोरांच्या टोळ्यांची गोष्ट. पुस्तकाचं म्हणणं असं, की चौदा वर्षांच्या पोराला थेट हॅम्लेटसमोर उभं करू नका, आधी त्याच्या वयाची, त्याच्या भाषेतली, त्याच प्रश्नाची एखादी गोष्ट द्या. बाप गेलाय, आईनं दुसरं लग्न केलंय, घरात आपल्याला कुणी विचारत नाही, हे दुःख त्याला आजच्या कादंबरीत ओळखू येईल, मग डेन्मार्कचा राजपुत्र परका वाटणार नाही. जुन्या अभिजात पुस्तकाशेजारी कुमारवयासाठी लिहिलेलं नवं पुस्तक बसवायचं आणि दोन्ही एकत्र शिकवायची, अशी ही पद्धत. तिकडे अनेक शिक्षक ती वापरतात. 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) शिकवताना शेजारी अँजी थॉमसची 'द हेट यू गिव्ह' (२०१७) ठेवतात. पहिलीत काळ्या माणसावरचा अन्याय एका गोऱ्या वकिलाची मुलगी सांगते, दुसरीत एक काळी मुलगी स्वतः बोलते. नुसती शेजारी ठेवली, तरी शिक्षकानं तोंड उघडण्याआधीच वर्गात अर्धा तास वाद होऊ शकतो.

आपल्याकडे हे कसं करायचं? आमच्याकडे महिन्यातले दोन शुक्रवार पाच-सहा मुलं मराठी वाचायला जमतात. वर्ग म्हणणं जरा जास्त होईल. पोहे असतात, दंगा असतो, आणि अधूनमधून वाचन. मुलं तेरा ते सोळा वयाची, शाळा सीबीएसईच्या. देवनागरी वाचता येते ती हिंदीमुळे, त्यामुळे 'ळ' आला की गाडी अडखळते. तर या मंडळींसमोर 'श्यामची आई'तले निवडक भाग ठेवले. श्याम पोहायला जायला घाबरून लपतो आणि आई त्याला शिमटीनं झोडपत बाहेर काढते, तो भाग वाचून झाल्यावर एका नववीतल्या मुलीनं शांतपणे विचारलं, "काका, याला आम्ही अब्यूज म्हणतो. तुम्ही संस्कार का म्हणता?"

बसलेल्या मोठ्या माणसांत चुळबुळ झाली. एका बाबांनी "अगं, त्या काळी..." असं सुरू केलं आणि तिथेच थांबले. कारण 'त्या काळी' हे उत्तर दिलं की पुस्तक संपतंच. ते त्या काळचं, आम्ही या काळचे, नमस्कार. आणि "आईविषयी असं बोलू नये" म्हणावं तर मूलच संपतं. म्हणजे ते बसलेलं असतं समोर, पण पुढच्या वेळी प्रश्न विचारत नाही.

माझ्या धंद्यात याला चांगला दृष्टांत आहे. बँकांमधून आजही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कोबोलच्या प्रणाली चालू आहेत. त्या बदलायची कुणाची छाती होत नाही, म्हणून त्यांच्यावर नवं, गुळगुळीत वेष्टन चढवतात. मोबाइलवर बोट ठेवलं की आतला म्हातारा काम करतो. वापरणाऱ्याला तो कधी दिसत नाही. आणि एक दिवस म्हातारा आजारी पडला की कंपनीत कुणालाच त्याची भाषा येत नसते. संक्षिप्त आणि सचित्र आवृत्त्यांबद्दल मला हीच भीती वाटते. साने गुरुजी १९५० साली गेले, साठ वर्षांनंतर, म्हणजे २०११ पासून, त्यांचं लेखन सर्वांसाठी मोकळं झालं आणि 'श्यामची आई' कुणालाही हव्या त्या रूपात छापता येऊ लागली. तिच्यातला कर्जाचा, अपमानाचा, जप्तीच्या धास्तीचा सगळा कडूपणा काढून गोड गोड आई तेवढी ठेवली, तर ते पुस्तक मुलाला आवडेलही, पण आवडलेलं पुस्तक गुरुजींचं नसेल. (लॅम भावंडांनी १८०७ साली शेक्सपिअरच्या गोष्टी मुलांसाठी सांगितल्या, त्याही मूळ नाटकाची जागा घेण्यासाठी लिहिल्या नव्हत्या. त्या वाचून मूल मोठेपणी नाटकाकडे वळावं, ही त्यांची इच्छा होती.)

सोबतीचं पुस्तक वेष्टनासारखं काम करत नाही. ते म्हाताऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतं. जुन्या पुस्तकाचा एकही शब्द ते झाकत नाही, उलट मूल तो शब्द निरखून बघायला लागतं. निदान तसं व्हावं ही अपेक्षा.

आम्ही पहिली खुर्ची दिली लंपनला. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' १९९४ साली आला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा एक मुलगा. गाव बेळगावच्या वळणाचं, त्यामुळे त्याच्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळलेले, आणि कोणतीही गोष्ट मोजायची झाली की तो शेकड्या-हजारांतले चमत्कारिक आकडे फेकतो. इथल्या मुलांना तो दहा मिनिटांत आपलासा झाला, कारण आमच्या मुलांचीही भाषा तशीच सरमिसळ. 'यल्ला, आई, लेट होतंय' हे वाक्य माझ्या घरात रोज सकाळी ऐकू येतं. आजवर या मुलांची समजूत अशी की पुस्तकातलं मराठी म्हणजे चुका न करणाऱ्या कुणाचं तरी मराठी. लंपननं ती मोडली. मग परत श्यामकडे आलो, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं की श्यामही शिक्षणासाठी घर सोडून लोकांच्या घरी राहिलेला मुलगा आहे, आणि हे सगळं तो मोठेपणी, आश्रमातल्या सोबत्यांना, रात्री-रात्री आठवून सांगतो आहे. पुस्तक लिहिलं गेलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. आई केव्हाच गेलेली. ज्या मुलीनं 'अब्यूज' शब्द वापरला होता, तीच म्हणाली, "म्हणजे तो तिला मिस करतोय आणि तिनं मारलेलंसुद्धा लपवत नाहीये." तिनं आपला शब्द मागे घेतला नाही. घ्यायचं कारणही नव्हतं. मार हा मारच. पण आता त्या वाक्यात श्यामही होता.

इथवर सगळं गोड आहे. पूल झाला, पोरं पलीकडे गेली, टाळ्या. पण इथेच मला तो दुसरा प्रश्न दिसायला लागला.

नवं पुस्तक जर केवळ जुन्यापर्यंत न्यायला वापरलं, तर आपण त्याच्याशी काय वागलो? गूळ लावून हिरड्याची गोळी गिळायला लावणं हे आपल्या आज्यांचं तंत्र. त्यात गुळाला कुणी विचारत नाही आणि हिरडा औषधच राहतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा तो काटकुळा बनेश, ही काय कुठे तरी चढून जायची पायरी आहे? मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलांची आहे, आणि त्या वयातली ओढ, भीती, मास्तरांची दहशत तिच्यात जशी आली आहे तशी मी दुसरीकडे वाचलेली नाही. ती 'कशासाठी तरी' वाचायला दिली की मुलांना वास येतो. मुलं फार तीक्ष्ण नाकाची असतात. ज्या दिवशी त्यांना कळतं की काका फेणे देतायत म्हणजे मागून काहीतरी जड येतंय, त्या दिवशी फेणेही मेला आणि जडही मेलं.

याहून अवघड भाग निवडीचा. शेजारी कोणाला बसवायचं, हे मी ठरवतो. आणि ते ठरवताच जुन्या पुस्तकाचा अर्थ निम्मा ठरून जातो. हा निवाडा साक्षीपुराव्याआधीच देण्यासारखं झालं नाही का?

उदाहरण घेऊ. 'श्यामची आई'त एक प्रसंग आहे. एका थकलेल्या महार म्हातारीची मोळी खाली पडते, तिला ती पुन्हा डोक्यावर घेता येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. माझ्या लहानपणी हा प्रसंग शाळेत आईच्या थोरपणाचा म्हणून सांगितला गेला. आंघोळीचं वाक्य कानावरून गेलं, आत शिरलं नाही. आता याच्या शेजारी नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) ठेवा. नाशिकजवळच्या ओझरचा, गावची येसकरी झुगारून मुंबई गाठणारा, फारसा न शिकलेला बाप, आणि त्यानं शिकवलेली मुलं. पुस्तकातला बराच भाग त्या बापानंच निवृत्तीनंतर लिहून काढलेल्या आठवणींचा आहे. ज्या तुरुंगात श्यामच्या आईची कहाणी लिहिली गेली त्या नाशिकपासून ओझर हाकेच्या अंतरावर! हे पान वाचून मोळीच्या पानाकडे परत या. म्हातारीला नाव नाही. तिला काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही. आणि आंघोळ आता ढोल वाजवल्यासारखी ऐकू येते.

आमच्याकडे जमणारे एक ज्येष्ठ गृहस्थ या जोडीवर नाराज झाले. त्यांचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. ते म्हणाले, "तुम्ही त्या माउलीला पिंजऱ्यात उभं करताय. तिच्या काळात, तिच्या गावात, तिनं जेवढं केलं तेवढं करायलाही धैर्य लागत होतं. आज एअर कंडिशनमध्ये बसून तिला नापास करणं सोपं आहे." खरं आहे. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्याशी न्यायानं वागायची जबाबदारी जिवंतांवर जास्त असते. पण मग त्या म्हातारीलाही उत्तर देता येत नव्हतं, तीही मेलेलीच आहे. तिच्याशी न्यायानं कोण वागणार?

यातून वाट दाखवली ती गुरुजींच्याच आयुष्यानं. १९४७ च्या मे महिन्यात, पहिल्या तारखेपासून दहा तारखेपर्यंत, पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्याआधी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला. मंदिर उघडलं. म्हणजे मोळी उचलून देऊन घरी आंघोळ करणारा पोरगा आंघोळीपाशी थांबला नाही. आईनं त्याला अर्ध्या रस्त्यापर्यंत नेलं आणि उरलेला रस्ता तो स्वतः चालला. हे मला 'श्यामची आई' एकटी वाचून कधी जाणवलं नव्हतं. जाधवांचं पुस्तक शेजारी आल्यामुळे मी उपोषणाच्या तारखा शोधायला गेलो. तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं की जोडी निवाडा देत नाही, ती खटला पुन्हा उघडते, आणि पुन्हा उघडलेल्या खटल्यात आरोपीलाही नवा पुरावा मिळू शकतो. त्यांना हे पटलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी ते आले, आणि येताना १९५३ सालच्या अत्र्यांच्या 'श्यामची आई'ची आठवण घेऊन आले. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळालं, हे मुलांना अभिमानानं सांगितलं. मी त्यात भर घातली की २०२३ साली नवी 'श्यामची आई' पडद्यावर आणणारे सुजय डहाके आणि त्याआधी 'शाळा'वर चित्रपट करणारे सुजय डहाके एकच. चला, एका दिग्दर्शकानं तरी ही जोडी आधीच लावून ठेवली होती.

आता खरी अडचण सांगतो. त्या आंघोळीवरून बोलणं चाललं असताना एका मुलानं विचारलं, "मग आपल्या घरी काम करणाऱ्या आंटीचा कप वेगळा का असतो?"

कुणाच्या घरचा ते महत्त्वाचं नाही. इथे राहणाऱ्या वाचकांना तो कप माहीत आहे. सिंकच्या खाली, वेगळ्या फडताळात, बहुधा कान तुटलेला. कोकणातल्या विहिरीवरची आंघोळ शंभराहून अधिक वर्षांचा आणि एका समुद्राचा प्रवास करून सालमियाच्या तिसऱ्या मजल्यावर आली होती. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. पोहे गार झाले.

मला वाटतं, सगळ्या पद्धतीची नैतिक परीक्षा इथे आहे. आपण मुलांना अभिजात पुस्तकं देतो ती बहुधा आपल्याला हवी ती उत्तरं मिळावीत म्हणून. मूल मराठी राहावं, आईचा मान राखावा, मुळं विसरू नये. वारशाकडे आपण प्रमाणपत्रासारखं बघतो. पण शेजारी दुसरं पुस्तक ठेवलं की मुलाला तुलना करायची परवानगी मिळते, आणि ती परवानगी अर्धी देता येत नाही. तुलना करणारं मूल उद्या म्हणेल, मला श्याम नको, लंपन पुरे. किंवा म्हणेल, पुस्तक पटलं, तुमचं घर पटलं नाही. हे ऐकायची तयारी नसेल तर जोडी लावू नये, सरळ पाठांतर घ्यावं. त्यात निदान फसवणूक नाही. मुलाला 'तुझं मत सांग' म्हणायचं आणि मत आलं की भुवया चढवायच्या, हे मला मारण्यापेक्षाही वाईट वाटतं. अमेरिकेतल्या लुईस रोझेनब्लॅट बाईंनी १९३८ सालीच मांडलं होतं की पुस्तकाचा अर्थ कागदावर पडलेला नसतो, वाचणारा आणि मजकूर यांच्या व्यवहारात तो घडतो. आम्हा सल्लागार मंडळींना व्यवहार शब्द चांगला कळतो. त्यात दोन्ही पक्षांना नाही म्हणायचा हक्क असतो.

कपावरून बोलणं निघालं तेव्हा मी आणखी एक नाव पुढे केलं. ते मराठीतलं नाही, इथलं आहे. सौद अल-सनौसी या कुवेती लेखकाची 'साक अल-बांबू', म्हणजे बांबूचा दांडा, ही कादंबरी २०१२ साली आली आणि २०१३ चं अरबी कादंबरीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक तिला मिळालं. कुवेती बाप आणि त्या घरात काम करणारी फिलिपिनो आई यांचा मुलगा, एका देशात ईसा, दुसऱ्यात होजे, दोन्हीकडे उपरा. इंग्रजीत ती उपलब्ध आहे. कुमारांसाठी लिहिलेली नाही, आणि तेराच्या मुलाला मी ती देणार नाही. सोळाच्या मुलाला देईन, शेजारी आईवडिलांनीही वाचायची या अटीवर. आपण इथे वीस-वीस वर्षं राहतो, सुमारे दहा लाख भारतीय या छोट्या देशात आहेत, आणि ज्या समाजात राहतो त्याच्या आतलं एकही पुस्तक आपल्या कपाटात नसतं, हे काही बरं नाही. इथल्याच एका लेखकानं कामवालीच्या मुलाला कादंबरीच्या मधोमध बसवलं, स्वतःच्या समाजाला आरसा दाखवला, हे आमच्या मुलांना कळलं तर त्यांना आपल्या घरातला कप एकटा वाटणार नाही.

यावर दोन पालकांनी स्पष्ट नकार दिला. एकांचं म्हणणं विषय मोठा आहे, दुसऱ्यांचं म्हणणं हे मराठीचं वाचन आहे, अरबीचं नव्हे. दुसरा मुद्दा मला मान्य नाही, पहिल्यावर आमचं बोलणं चालू आहे. दरम्यान त्या नववीतल्या मुलीनं शांता गोखल्यांनी केलेला 'श्यामची आई'चा इंग्रजी अनुवाद मागवून घेतला, मराठी पुस्तक मांडीवर आणि इंग्रजी हातात अशी ती बसते, आणि मराठीत जिथे अडते तिथे इंग्रजीत डोकावून परत येते. या जोडीची कल्पना मला सुचली नव्हती.

डिसेंबरात आमच्यातली दोन कुटुंबं पुण्याला जात आहेत. 'वनवास'च्या चार प्रती आणि 'आमचा बाप आन् आम्ही'च्या तीन, एवढ्या आणायच्या ठरल्या आहेत. वजन तीस किलोचं, त्यात मेतकूट, भाजणी, कैरीचं लोणचं आधीच नोंदवलेलं. लोणच्याची एक बरणी कमी करायला कोण तयार होतंय, यावर गेले दोन शुक्रवार चर्चा सुरू आहे.